दिवाळीच्या भेटी कागदाऐवजी कापडात बांधून द्यायच्या का?

मोगरी

मंडळी, वसुबारसेला पंधरा दिवस उरलेत आणि एक गोष्ट डोक्यात घोळतेय. तुमचे अनुभव हवेत.

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या रात्री घरभर पडलेले भेटींचे कागद गोळा केले. चंदेरी, सोनेरी, फुलाफुलांचे, वर चिकटपट्टीने बसवलेली रिबिनीची फुलं. मोठी पिशवी गच्च भरली. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना म्हटलं, "हा सगळा कागदच आहे, रद्दीत जाईल." त्यांनी एक तुकडा उचलला, मुठीत चुरगाळला आणि मूठ उघडली. तुकडा सळसळत पुन्हा पसरला. "कागद असता तर चुरगाळलेलाच राहिला असता. यात प्लास्टिक आहे. भंगारवाला घेत नाही हे." ती पिशवी अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

यंदा आईच्या कपाटातून जुन्या सुती साड्या निघाल्यात. आई आता गाऊनच घालते. साड्या पदराशी विरल्यात, पण मधलं कापड चांगलं आहे. त्याचे चौकोन करून भेटी बांधाव्यात असं मनात आहे. एकूण २२ घरं. पुस्तकं, उटण्या-साबणाचे खोके आणि चार ठिकाणी फराळाचे स्टीलचे डबे.

प्रश्न असे: चौकोन केवढे करू? गाठ कशी मारू? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, ते कापड परत मागायचं की देऊन टाकायचं? मागितलं तर कोतेपणा वाटेल. नाही मागितलं तर २२ घरांत २२ तुकडे पडून राहतील आणि शेवटी ओटा पुसायला जातील.

रानवारा

छान विषय. वाचतेय. मलाही १० भेटी द्यायच्यात.

दप्तरदार

मोगरीताई, हे आपल्याकडे नवं नाही. मराठीत बांधलेल्या कापडाला किती नावं आहेत ती मोजून पाहा: गाठोडं, बोचकं, पुरचुंडी, वळकटी, बासन, बस्ता. प्रत्येकाचं काम वेगळं. पुरचुंडी चिमूटभर वस्तूची. सुदाम्याचे पोहे पुरचुंडीतच शोभतात. बोचकं घाईघाईत बांधलेलं. वळकटी अंथरुणाची. बासन पोथीचं आणि दस्तऐवजांचं, म्हणून तर एखादं प्रकरण 'बासनात गुंडाळलं' जातं. बस्ता हा मूळ फारसी शब्द, त्याचा अर्थच 'बांधलेलं'. लग्नाचा बस्ता आपण अजून 'बांधतो', जरी दुकानदार आता सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत देत असला तरी.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद ज्या गठ्ठ्यांत ठेवलेत त्यांना 'रुमाल'च म्हणतात. कापडाच्या चौकोनात बांधलेले म्हणून रुमाल. मी नोकरीच्या काळात असे रुमाल सोडलेत आणि बांधलेत. दोनशे-अडीचशे वर्षांचा कागद कापडाने सांभाळला. कापड हवा आत जाऊ देतं, धूळ बाहेर ठेवतं, आणि फाटलं की नवं घालता येतं. आमच्या घरी आजोबांची पोथी लाल बासनात आहे. बासन तिसरं, पोथी तीच.

मोगरी

दप्तरदार काका, शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. ती उठून देवघरातलं बासन बघायला गेली.

इचलकरंजीकर

मापाचं मी सांगतो, आमचा धंदाच कापडाचा.

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, पन्हा ४४-४५ इंच. पन्ह्याचे दोन भाग केले की २२ इंची चौकोन मिळतात. अख्ख्या साडीत असे १८ बसतात. विरलेला भाग सोडलात तर १२-१३ धरा. म्हणजे तुमच्या २२ घरांना दोन साड्या पुरतात, वर फराळाच्या डब्यांसाठी तिसरी.

चौकोन केवढा हवा ते असं काढा: वस्तूची सगळ्यात लांब बाजू मोजा. चौकोनाचा कर्ण तिच्या तिप्पट हवा. २२ इंची चौकोनाचा कर्ण ३१ इंच, म्हणजे १० इंचांपर्यंतची वस्तू नीट बांधली जाते. पुस्तक, उटण्याचा खोका यात बसेल. डब्याला मात्र पन्ह्याएवढा अखंड चौकोन ठेवा.

साडीचा काठ ज्या बाजूला आहे तिथे काही करावं लागत नाही. कापलेल्या बाजूंना पिको किंवा इंटरलॉक करून घ्या, नाहीतर दोन धुण्यांत धागे सुटतील. फॉल-पिकोवाल्याकडे आत्ताच द्या, धनत्रयोदशीच्या आठवड्यात तो तुमच्याकडे बघणारही नाही. आणि कडक खळ करू नका. खळीच्या कापडाची गाठ फुगते, बसत नाही. कापड मऊच हवं, इस्त्री केलेलं.

नवं घ्यायचंच असेल तर मांजरपाट घ्या. स्वस्त, मजबूत, प्रत्येक धुण्यात मऊ होत जातो. पॉलिएस्टर टाळा, गाठ सरकते.

सडेतोड

मला या सगळ्या उत्साहात दोन गोष्टी खटकतात, त्या स्पष्ट मांडतो.

एक, सुती कापड म्हणजे आपोआप पर्यावरणाला चांगलं असं नाही. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, फवारणी लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधायला साधी सुती पिशवी फक्त हवामानाच्या हिशेबाने ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाण्यापासून बाकी सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा. पिशवी आणि भेटीचं कापड एक नव्हे, पण मुद्दा तोच. बाजारात सध्या भेटींसाठी खास नवी छापील कापडं मिळायला लागलीत. ती घेऊन दिवाळीत एकदा वापरली आणि कपाटात टाकली तर तुम्ही कागदापेक्षा वाईट केलंत.

दोन, हे काम कोण करणार? साड्या कापायच्या, पिकोला द्यायच्या, धुवायच्या, इस्त्री करायची, बांधायचं, परत आलेलं पुन्हा धुवायचं. दिवाळीच्या तोंडावर घरातल्या बाईच्या डोक्यावर आधीच फराळ आणि सफाई आहे. माझ्या आईने हे आयुष्यभर केलं. तिच्या हातांना जरा विसावा मिळावा असं मला वाटतं.

रानवारा

सडेतोड, दुसरा मुद्दा अगदी मनातला. आमच्याकडे पुरुष मंडळी कौतुक करतात आणि सोफ्यावर बसतात.

इचलकरंजीकर

सडेतोड यांचा पहिला मुद्दा मला मान्य आहे, आणि मी कापड विकून पोट भरतो. नवं कापड एकदाच वापरायला घेऊ नका. पण मोगरीताईंच्या साड्यांचा कापूस ३० वर्षांपूर्वी पिकून, विणून, रंगवून झालाय. त्याचा खर्च धरायचाच तर आईंनी नेसल्या त्या दिवसांवर वाटून गेला.

मोगरी

सडेतोड, तुमचं खरं आहे. आमच्यात असं ठरलंय: कापणं आणि पिको माझ्याकडे, बांधणं नवऱ्याकडे आणि मुलाकडे. गाठ शिकायचीच आहे तर तेही शिकतील. मुलगा आठवीत आहे, त्याला हे आवडेल असं वाटतंय.

सातारची_सकुरा

मी टोकियोत निशिकासाईला राहते, इथे मराठी घरं बरीच आहेत. जपानमध्ये याला फुरोशिकी म्हणतात. फुरो म्हणजे स्नान, शिकी म्हणजे अंथरणं. सार्वजनिक स्नानगृहात कपडे ठेवायला आणि उभं राहायला जे कापड अंथरत, त्यातच कपडे बांधून घरी नेत, म्हणून हे नाव. पुढे व्यापारी माल बांधायला वापरू लागले. प्लास्टिकच्या पिशव्या आल्यावर इथेही मागे पडलं. २००६ मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी 'मोत्ताइनाई फुरोशिकी' काढली, टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांच्या धाग्यापासून केलेली. मोत्ताइनाई म्हणजे चांगली वस्तू वाया गेल्याची हळहळ. माझी आजी उरलेल्या भाकरीकडे बघून जे म्हणायची तेच.

आता तुमचा तिसरा प्रश्न. इथल्या जुन्या रीतीत देणारा माणूस भेट यजमानासमोर स्वतः सोडतो, वस्तू दोन्ही हातांनी पुढे करतो आणि कापड घडी घालून आपल्याबरोबर परत नेतो. त्यात कोणाला कोतेपणा वाटत नाही, कारण कापड हे भेटीचं वाहन आहे, भेट नव्हे. शेजारच्या आजी मला पर्सिमनची फळं द्यायला येतात तेव्हा तसंच करतात. हल्ली मात्र कापडासकट देऊन टाकण्याचीही पद्धत आहे, तेव्हा तेही भेटीचा भाग ठरतं.

मी स्वतः आजीच्या इरकलीचे तुकडे वापरते. त्या आजींनी काठावर हात फिरवून विचारलं होतं, हे कोणी विणलं.

किनारपट्टी

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, लेकीच्या सासरी वजें जातं, वजें म्हणजे ओझं. नेवऱ्या, लाडू, फळं, नारळ. माझ्या आईने माझं वजें पाठवलं तेव्हा टोपल्यांवर स्वतः विणलेले क्रोशाचे रुमाल घातले होते. रुमाल परत गेले, प्रत्येकात सासूबाईंनी काहीतरी बांधलं होतं. रिकामं भांडं परत करत नाहीत तसाच रिकामा रुमालही करत नाहीत. मोगरीबाय, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच घरात आहे. फराळाचं ताट शेजारी दिलं तर ताट कुठे मागतेस? ते आपणहून येतं, चिमूटभर साखर घेऊन.

रानवारा

किनारपट्टी, किती सुंदर! पण हल्ली ताटं परत येतात का? माझे तीन डबे सोसायटीत हरवलेत, झाकणांसकट.

शाळामास्तर

मी स्काउटचा शिक्षक होतो. गाठीबद्दल लिहितो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात आणि मग 'कापड सुटतं' म्हणून कापडाला दोष देतात.

वस्तू चौकोनाच्या मध्यावर तिरकी ठेवा, म्हणजे खोक्याच्या बाजू कापडाच्या कोपऱ्यांकडे तोंड करतील. एक कोपरा वस्तूवर घ्या, उरलेलं टोक खाली खोचा. समोरचा कोपरा त्यावर घ्या. उरलेली दोन टोकं उचला, कडेच्या चुण्या बोटाने आत दाबा, आणि मध्यावर गाठ मारा.

गाठ अशी: उजवं टोक डाव्यावरून घेऊन एक पीळ. मग जे टोक आता डाव्या हातात आलंय, तेच पुन्हा वरून आणून दुसरा पीळ. थोडक्यात, उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. ओढून पाहा. दोन्ही टोकं खोक्याला समांतर, कान पसरल्यासारखी आडवी राहिली तर गाठ बरोबर. टोकं उभी, वर-खाली राहिली तर दोन्ही वेळा एकाच बाजूने पीळ दिलात. ही गाठ एकतर सरकेल नाहीतर अशी आवळेल की कात्री घ्यावी लागेल.

बरोबर गाठीचा मोठा गुण सोडवताना कळतो. कोणतंही एक टोक एका हातात आणि त्याच्याच बाजूचं कापड दुसऱ्या हातात धरून विरुद्ध दिशांना सरळ ओढा. गाठ उलटते, दुसरं टोक तिच्यातून अलगद निसटतं. म्हणजे बांधलेली असताना निरगाठीसारखी घट्ट, सोडताना सुरगाठीसारखी सोपी. मोगरीताई, मुलाला आधी दोन रंगांच्या दोऱ्यांवर शिकवा.

सातारची_सकुरा

मास्तर, इथेही हीच गाठ. तिला मामुसुबी म्हणतात, आणि उभी गाठ चुकीची मानतात.

मोगरी

दोऱ्यांवर दोघंही बसलेत. मुलाला तिसऱ्यांदा जमली. नवऱ्याची अजून उभीच येतेय, पण तो हटत नाहीये.

चिमणीचं_घर

माझा प्रश्न लहान मुलांचा. माझ्या ५ वर्षांच्या भाच्याला भेटीतलं निम्मं सुख कागद टराटरा फाडण्यात आहे. कापड दिलं तर त्याचा हिरमोड होईल ना?

हातकागदवाली

चिमणी, फाडायला कागद हवाच असेल तर खरा कागद द्या. वर्तमानपत्र आणि सुतळी, वर झेंडूचं फूल. नाहीतर हातकागद. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. तिथे चिंध्या आणि कापडाच्या कातरणांपासून कागद बनतो. म्हणजे तिथेही शेवटी कापडच! असा कागद चुरगाळला तर चुरगाळलेलाच राहतो आणि शेवटी मातीत मिसळतो. कागद शत्रू नाही. चमकी, प्लास्टिकचा मुलामा आणि चिकटपट्टी यांनी त्याला बिघडवलंय.

सातारची_सकुरा

माझ्या लेकीला कापड सोडायला जास्त आवडतं. एका बंडलात दुसरं, त्यात तिसरं, असं तीनदा बांधून देते. आणि नंतर तेच कापड बाहुलीची साडी होतं, तिच्या पाठीवरचा पंख होतं. फाडलेल्या कागदाने कोण खेळतं?

माई_सांगलीकर

मी ७४ वर्षांची आहे, नात टाईप करून देतेय. सगळ्यांचं वाचलं. माझं एक म्हणणं आहे, राग मानू नका. वापरलेल्या साडीचे तुकडे शुभकार्यात देऊ नयेत. दिवाळीच्या सामानावर, ओवाळणीवर जुनेर नको. ओटीत आपण कधी जुनं घालतो का? मोगरी, तुझ्या मनात काही वाईट नाही हे कळतं मला. पण ज्या घरी नुकतं काही वाईट घडलंय, तिथे जुनेरात बांधलेली वस्तू गेली तर त्या माणसांना काय वाटेल याचाही विचार कर.

सडेतोड

माई, आदराने वेगळं मत मांडतो. बाळाची पहिली दुपटी आजीच्या जुन्या लुगड्यांची करतात ना? तिथे जुनंच मऊ, म्हणून मुद्दाम जुनं. नव्या जिवाच्या अंगाला चालतं ते डब्याला का नाही चालणार?

माई_सांगलीकर

हे मात्र खरं बोललास बाळा. माझ्या तिन्ही मुलांच्या दुपट्या माझ्या सासूबाईंच्या लुगड्यांच्या होत्या. आणि गोधडी तर सगळी जुनेराचीच. पण ते घरातल्या घरात. आपल्या माणसाचं जुनेर आपल्याला ऊब देतं, परक्याला ते जुनेरच. मोगरी, घरच्या माणसांना साडीत दे, बाहेरच्यांना नव्यात.

दप्तरदार

माईंनी जी रेघ ओढली ती मला पटते.

पैठणची_पोर

थांबा थांबा. नवं, शुभ, फुकट आणि आधीच चौकोनी असं कापड आपल्या प्रत्येकीच्या कपाटात आहे. ब्लाउजपीस!

हळदीकुंकू, डोहाळजेवण, लग्न, वास्तुशांत, सगळीकडे ओटीत ब्लाउजपीस येतो. कोणी शिवत नाही. आपण तो पुढच्या ओटीत घालतो, ती त्याच्या पुढच्या. माझ्याकडे एक अख्खी सुटकेस भरली आहे. आत्ता मोजले: ४१. बहुतेक ८० सेंटिमीटर लांब, पन्हा ३६ इंच म्हणजे ९१ सेंटिमीटर. जवळजवळ चौकोनच! फराळाच्या डब्याला अगदी बरोबर बसतो, आत्ता बांधून पाहिला.

आणि माई, हा तर ओटीचाच. याच्याइतकं शुभ काय असणार?

माई_सांगलीकर

पैठणच्या पोरी, शंभर वर्षं जग. माझ्याकडे दोन ट्रंका आहेत.

रानवारा

उठून कपाट उघडलं. ३३!

इचलकरंजीकर

व्वा! मापात बसतंय. कर्ण साधारण १२० सेंटिमीटर येतो, म्हणजे ४० सेंटिमीटरपर्यंतची वस्तू. काठ दोन बाजूंना आहेच, कापलेल्या दोन बाजूंनाच पिको. फक्त हात लावून बघा: सुती रुबिया, केंब्रिक, खण हे चालतील. हल्ली ओटीत येणारे बरेच पीस चकचकीत पॉलिएस्टरचे असतात, ते सरकतील. त्यांच्या नाडी ओढायच्या पोटल्या शिवा. आणि गडद लाल, हिरवा, जांभळा पीस एकदा वेगळा धुऊन घ्या. नवा असताना रंग सोडतो, आतल्या पुस्तकाला लागेल.

किनारपट्टी

आणि हे पीस असेही फिरतच असतात. आता रिकामे फिरायचे ते काहीतरी घेऊन फिरतील.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. आमच्याकडे दिवाळी संपते आणि महिन्याभरात नाताळच्या भेटींचा हंगाम. गेल्या वर्षी ऑफिसात चिठ्ठी काढून भेट देतात त्यात मी खणाच्या कापडात चहाचा डबा बांधून दिला. ज्यांना मिळाला त्या बाईंनी डब्याआधी कापडाचं विचारलं. मी सांगितलं: खण, कर्नाटकात बागलकोटजवळच्या गुळेदगुड्डला विणतात, आमच्याकडे चोळीला वापरतात. त्यांनी ते चौकटीत लावून भिंतीवर टांगलं. म्हणजे ते परत येणार नाही, पण मला चालतंय.

फराळाचा डबा बांधायचा असेल तर एक सूचना. चिवडा-चकलीचं तेल डब्याच्या कडेने पाझरतं. आधी झाकण घट्ट, मग कापड. मी एकदा घाई केली आणि आईच्या साडीच्या तुकड्यावर मोठा पिवळा डाग पडला.

माई_सांगलीकर

डागावर लगेच कोरडं बेसन दाब, तेल ओढून घेतं. मग साबण लावून कोमट पाण्यात. हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो, दोन-तीन ऊन्हं दे.

हडसनकाठी

माई, इथे नोव्हेंबरात ऊन कुठलं? तरी खिडकीत वाळत घालते.

घंटागाडी

एक महत्त्वाची गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. दुकानांत भेटीसाठी ज्या 'कापडी' पिशव्या मिळतात, दाबल्यावर खरखरतात, जवळून पाहिलं तर विणीऐवजी ठिपक्यांची नक्षी दिसते, त्या कापड नव्हेत. नॉन-वोवन म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, प्लास्टिकच. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत त्यांच्यावरही बंदी घातली होती. ओळखायची खूण: कडेचा धागा ओढून पाहा. विणलेल्या कापडाचा धागा निघतो. यांचा निघत नाही, तुकडाच फाटतो.

मोगरीताईंच्या कचरावेचक ताईंनी मूठ उघडून जे दाखवलं तेच आम्ही प्रशिक्षणात दाखवतो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, त्यातून पुढे 'स्वच्छ' ही वेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. कोणता कागद विकला जातो हे त्या बायकांइतकं कोणाला कळत नाही. दिवाळीनंतरचा आठवडा त्यांना सगळ्यात जड जातो, ओझं दुप्पट आणि त्यातलं विकण्यासारखं थोडं.

मोगरी

घंटागाडी, धन्यवाद. त्या ताईंना मी यंदा पहिली भेट देणार आहे.

सगळ्यांचं ऐकून असं ठरवलंय: घरच्या १३ ठिकाणी आईच्या साड्या, बाहेरच्या ९ ठिकाणी ब्लाउजपीस. परत मागणार नाही. पण प्रत्येक गाठीत एक चिठ्ठी खोचणार: 'हे कापड फिरतं राहू दे.' कापायला बसते.

*(पाच आठवड्यांनंतर)*

मोगरी

नमस्कार मंडळी. तुळशीचं लग्न झालं, आता निवांत लिहिते.

बावीसच्या बावीस भेटी बांधल्या. नवऱ्याची गाठ लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी जमली, तेव्हापासून त्याने कोणाला हात लावू दिला नाही. एक ब्लाउजपीस सरकला, पॉलिएस्टर ओळखायला मी चुकले होते. इचलकरंजीकरांनी सांगितलं होतं. त्याची पोटली शिवली.

सगळ्यांना आवडलं असं नाही. एका नातेवाइकांनी चिठ्ठी न वाचता "एवढी महागाई झाली का?" असं विचारलं. मला वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. मुलगा पटकन म्हणाला, "काका, ही माझ्या आजीची साडी आहे." मग ते गप्प बसले आणि कापडाची घडी घालून खिशात ठेवली.

कचऱ्याच्या ताईंनी उटण्याचा खोका तिथेच सोडला, पीस डोक्याला बांधून पाहिला आणि हसल्या. भाऊबीजेनंतर आमच्या घरातून निघालेला चकचकीत कागद एका छोट्या पिशवीत मावला, तोही दुसऱ्यांनी दिलेल्या भेटींचा.

आजवर ७ कापडं परत आली. एकही रिकामं नाही. साखर, बोरं, कढीपत्त्याची रोपटी, एकात शेजारच्या मुलीने काढलेलं चित्र. आणि काल मिरजेहून आत्याचं आलं. हिरव्या चौकड्यांच्या तुकड्यात शेंगदाण्याचे लाडू. त्याबरोबर तिच्या एका जुन्या साडीचा नवा चौकोन, पिको करून.

शाळामास्तर

आत्यांची गाठ कशी होती?

मोगरी

आडवी, मास्तर. दोन्ही कान सरळ.

माई_सांगलीकर

आईच्या सगळ्या साड्या कापल्यास का ग?

मोगरी

नाही माई. तीन कापल्या. चौथी घेतली तेव्हा आई म्हणाली, "ही राहू दे." चॉकलेटी काठाची, आमसुली. माझ्या बारशाला नेसली होती. ती देवघराच्या कपाटात आहे. पोथीचं बासन फार जुनं झालंय, ते बदलायला पदराचा एवढासा तुकडा घे, असं काल तीच म्हणाली. उद्या दोघी मिळून कापणार आहोत.